बोटांनीं वाचलेलें आणि कानांनीं ऐकलेलें

दृष्टि नसलेल्या मुलाच्या हातीं आज मोबाईल दिला, तर तो त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवितो, आलेलें पत्र वाचून दाखवितो, छापील पानाचें छायाचित्र काढलें तर त्यांतील मजकूरहि बोलून दाखवितो. हें पाहून पुष्कळ सुज्ञ माणसें विचारूं लागलीं आहेत कीं, आतां ब्रेल लिपीचें ओझें या मुलांवर कशाला? सहा ठिपक्यांचीं तीं जाड जाड पुस्तकें, ती पाटी, ती टोचणी, ती वर्षानुवर्षांची बोटांची तालीम, हें सर्व जुन्या काळचें. यंत्र बोलूं लागल्यावर त्याची गरज संपली. शिक्षकमंडळींतहि हें मत ऐकूं येतें, व तें बहुधा दयाबुद्धीनेंच बोललेलें असतें. माझें मत याच्या उलट आहे, आणि तें कां, हें या लेखांत सांगावयाचें आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं ब्रेल अक्षर कधीं पाहिलेंहि नसेल. म्हणून प्रथम त्याची जन्मकथा सांगतों. त्या कथेंतच प्रस्तुत वादाचें बीज आहे.

लुई ब्रेल याचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजीं फ्रान्समध्यें, पॅरिसजवळच्या कूव्रे या खेड्यांत झाला. बाप घोड्यांचें खोगीर व साज शिवणारा कारागीर. लुई तीन वर्षांचा असतांना बापाच्या कामाच्या जागीं कातडें टोचण्याच्या आरीशीं खेळत होता. आरी निसटून एका डोळ्यांत शिरली, जखम चिघळली, आणि तिच्या पायीं पुढें दुसरा डोळाहि गेला. १८१९ सालीं, दहा वर्षांचा असतां, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेंत दाखल झाला. ही शाळा व्हालांतँ आयुई या परोपकारी गृहस्थानें १७८५ सालीं काढिलेली होती. तेथें वाचनासाठीं पुस्तकें होतीं, परंतु तीं कशीं? आपण छापतों तींच रोमन अक्षरें मोठ्या आकारांत जाड कागदावर उठावदार उमटविलेलीं. मुलानें एकेका अक्षराच्या कडेवरून बोट फिरवावें, त्याचा आकार मनांत जुळवावा, आणि मग पुढच्या अक्षराकडे जावें. पुस्तकें थोडीं, अवजड, आणि लिहिण्याच्या कामीं तर ही रीति अगदींच निरुपयोगी; कारण तसें उठावदार अक्षर स्वतःच्या हातानें काढणार कसें? आयुई यांचें उपकार मोठें, यांत शंका नाहीं. परंतु डोळस माणसानें डोळसांची लिपि आंधळ्यांच्या बोटांवर लादली, हेंहि तितकेंच खरें.

१८२१ सालीं शार्ल बार्बिये नांवाच्या गृहस्थानें या शाळेंत आपली एक नवी लिपि आणून दाखविली. ती उठावदार ठिपक्यांची होती. रेघेपेक्षां ठिपका बोटाला लवकर कळतो, हें त्यानें बरोबर हेरलें होतें. आणि ठिपका टोचून लिहितांहि येतो. पण बार्बियेच्या लिपींत दोन दोष होते. एक तर एका चिन्हाला बारापर्यंत ठिपके लागत, त्यामुळें तें चिन्ह बोटाच्या पेराखालीं एका स्पर्शांत मावत नसे. दुसरा दोष अधिक खोल होता. ती लिपि उच्चारांची होती, अक्षरांची नव्हती. शब्द जसा ऐकूं येई तसा त्यांत उतरे. त्याचें शुद्धलेखन, स्वल्पविराम, पूर्णविराम, अंक, यांना तींत जागाच नव्हती. बार्बियेच्या मतें आंधळ्यांना एवढें पुरे होतें.

पोरगा लुई ब्रेल याला तें पुरे वाटलें नाहीं. त्यानें ठिपके बारांवरून सहांवर आणिले, डावीकडे तीन व उजवीकडे तीन, म्हणजे सबंध चिन्ह एका पेराखालीं येतें. आणि चिन्ह उच्चाराला न देतां अक्षराला दिलें. १८२४ सालीं, पंधराव्या वर्षीं, त्याची ही योजना बहुतेक सिद्ध झाली होती; १८२९ सालीं ती छापून प्रसिद्ध झाली. सहा ठिपक्यांपैकीं कोणते उठवावे व कोणते ठेवावे, याच्या फेरबदलानें त्रेसष्ट निरनिराळीं चिन्हें होतात. अक्षरें, अंक, विरामचिन्हें, गणित, इतकेंच नव्हे तर संगीताचे सूरहि त्यानें एवढ्यांत बसविले. तो स्वतः चांगला ऑर्गनवादक होता.

यानंतरची हकीकत शिक्षकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. मुलांनीं ही लिपि तत्काळ उचलली, परंतु शाळेच्या चालकांना ती नकोशी झाली. १८४० सालीं दुफो नांवाचे गृहस्थ शाळेचे मुख्य झाले. त्यांनीं ब्रेलच्या लिपीला बंदी केली व उठावदार रोमन अक्षरांचाच आग्रह धरिला. कारण काय? ठिपक्यांची लिपि डोळस शिक्षकांना वाचतां येत नव्हती, आणि अंध मुलें डोळसांपासून वेगळीं पडतील अशी भीति होती. मुलें ती चोरून लिहीत व चोरून वाचीत राहिलीं. अखेर दुफो यांचेच सहाय्यक गादे यांनीं त्यांचें मन वळविलें, आणि १८४४ सालीं शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभांत ही लिपि उघडपणें सर्वांसमोर दाखविण्यांत आली. लुई ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजीं वारला. फ्रान्समध्यें त्याच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती त्यानंतर दोन वर्षांनीं, १८५४ सालीं.

म्हणजे वाद दोन होते. साधन कोणाच्या सोयीचें असावें, शिकणाऱ्याच्या कीं शिकविणाऱ्याच्या, हा एक. आणि अंध मुलाला उच्चार पुरे कीं अक्षर हवें, हा दुसरा. दीडशें वर्षांनंतर बोलक्या यंत्रांच्या रूपानें हेच दोन वाद पुन्हां आपल्या दारीं आलेले आहेत.

आपल्या देशांत अंधांची पहिली शाळा १८८७ सालीं अमृतसर येथें अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनीं सुरू केली. पुढें ती डेहराडूनजवळ राजपूर येथें नेण्यांत आली. आपल्या प्रांतांत, मुंबईस, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड यांनीं १९०० सालीं अंधांसाठीं शाळा काढली. तीच दादरची अंधशाळा होय. केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्यें अंध स्त्रियांना ब्रेल शिकविण्यांत येई, व त्या कामीं रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनीं मोठे श्रम घेतले. परंतु त्या काळीं हिंदुस्थानांत ब्रेलची एकच रीति नव्हती. ठिकठिकाणच्या शिक्षकांनीं आपापल्या भाषेसाठीं आपापल्या परी लिपि बसविलेली, त्यामुळें एका शाळेचें पुस्तक दुसऱ्या शाळेच्या मुलाच्या हातीं कोरें कागद ठरे. हा गोंधळ १९५१ सालीं संपला. युनेस्कोच्या साहाय्यानें विचारविनिमय होऊन सर्व भारतीय भाषांना एकच 'भारती ब्रेल' ठरविण्यांत आली. देवनागरी 'क', बंगाली 'क', तमिळ 'क', डोळ्यांना तीन निरनिराळ्या आकृति. बोटाला मात्र एकच. डोळसांना जें ऐक्य अजून साधलेलें नाहीं तें अंधांना साधलें, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

ही लिपि मराठींत कशी बसते तें थोडें पाहूं. चौकटींतील डाव्या रांगेचे ठिपके वरून खालीं १, २, ३ आणि उजव्या रांगेचे ४, ५, ६ असे मोजतात. एकटा पहिला ठिपका म्हणजे 'अ'. पहिला व तिसरा मिळून 'क'. पहिला, तिसरा व चौथा मिळून 'म'. पहिला, दुसरा व तिसरा, म्हणजे डावीकडची सबंध रांग, हा 'ल'. या तीन अक्षरांचा 'कमल' हा शब्द तीन चौकटींत लिहून होतो. मात्रा अक्षराच्या वर, खालीं किंवा पाठीशीं न लावतां पुढच्या चौकटींत स्वतंत्र लिहितात. छापील मराठींत पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं काढावी लागते व तिचा उच्चार मात्र मागाहून होतो. लहान मुलें येथें हमखास अडखळतात. ब्रेलमध्यें ही अडचण नाहीं, कारण तेथें क्रम उच्चाराचाच. जोडाक्षर असल्यास चौथा ठिपका आधीं देतात. अंक लिहावयाचा असल्यास अंकचिन्ह देऊन पुढें ठराविक दहा अक्षरें वापरतात. पाटीवर लिहितांना कागद उलट बाजूनें टोचावा लागतो, म्हणून लेखन उजवीकडून डावीकडे करावयाचें आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावयाचें. ऐकणाराला हें मोठें कठीण वाटतें. शिकलेल्या मुलांना त्यांत कांहींच अवघड वाटत नाहीं.

आतां मूळ मुद्यावर येतों. ऐकणें म्हणजे वाचणें नव्हे.

आपल्या नित्याच्या बोलण्यांत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हे दोन शब्द कानाला सारखेच लागतात. 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत', 'पाणि' म्हणजे हात आणि 'पाणी' म्हणजे जल, यांतहि तसेंच. डोळस मुलगा ते निरनिराळे आहेत हें शिकतो तें ऐकून नव्हे, तर पुस्तकांत शंभर वेळां पाहून. पाहतां पाहतां शब्दाचा चेहरा त्याच्या ओळखीचा होतो, व चुकीचें लिहिलें तर तो चेहरा त्याला खटकतो. ज्या मुलानें शब्द केवळ ऐकले आहेत त्याला शब्दांना चेहरे असतात हेंच कळावयाचें नाहीं. ब्रेलमध्यें हे चेहरे आहेत. ऱ्हस्व इकार दुसऱ्या व चौथ्या ठिपक्यांनीं होतो. तीच जोडी एक घर खालीं सरकविली, म्हणजे तिसरा व पांचवा ठिपका दिला, कीं दीर्घ ईकार. 'दिन' व 'दीन' यांतील भेद बोटाखालीं असा नेमका हलतो. इंग्रजींत तर याहूनहि पंचाईत. 'राइट' या एकाच उच्चाराचा एक शब्द 'बरोबर' या अर्थाचा, दुसरा 'लिहिणें' या अर्थाचा, आणि दोहोंचीं अक्षरें वेगळीं. केवळ ऐकून इंग्रजी शिकलेला हुशार मुलगा संभाषणांत सर्वांना चकित करील, आणि चार ओळींचा अर्ज लिहितांना हरेल.

यावर असें म्हणतील कीं, यंत्राला आज्ञा केली तर तें शब्द एकेक अक्षर सुटें करूनहि सांगतें. सांगतें खरें. परंतु कादंबरी वाचतांना प्रत्येक शब्दाशीं थांबून त्याचीं अक्षरें कोण विचारीत बसणार? शुद्धलेखन हें विचारून येत नाहीं, तें वाचनांत नकळत मुरतें. आणि नकळत मुरावयाचें तर अक्षर सतत बोटाखालून गेलें पाहिजे. शिवाय कानाला परिच्छेद दिसत नाहीं, ओळ कोठें तुटली तें कळत नाहीं. कवितेचीं कडवीं हीं केवळ श्वासाच्या विरामांनीं ओळखावीं लागतात, आणि यंत्राच्या वाचनांत तो विरामहि कित्येकदां चुकीच्या जागीं येतो. मागचें वाक्य पुन्हां पहावयाचें झाल्यास बोट सहज मागें जातें. कानाला मात्र यंत्र थांबवून, मागें नेऊन, पुन्हां ऐकावें लागतें. मूल कंटाळतें व पुढें जाऊं देतें. ज्या मुलाला परत जाऊन वाचण्याची संवय लागली नाहीं, तें अभ्यासू होणें कठीण.

गणिताची गोष्ट तर विचारूंच नका. 'क्ष अधिक दोन भागिले तीन' असें यंत्रानें म्हटलें. येथें क्ष आणि दोन या दोघांची बेरीज करून तिला तिनांनीं भागावयाचें, कीं केवळ दोनांना तिनांनीं भागून तें क्ष मध्यें मिळवावयाचें? आवाजांत दोन्ही एकच. उत्तरें मात्र दोन. फळ्यावरच्या आडव्या रेघेची लांबी जें सांगते तें कानाला कोण सांगणार? याचसाठीं अब्राहम नेमेथ या अमेरिकन गणितज्ञानें, जो स्वतः जन्मांध होता, गणिताची स्वतंत्र ब्रेल पद्धति बसविली. ती १९५२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत अपूर्णांक कोठें सुरू होतो व कोठें संपतो याचीं स्पष्ट चिन्हें आहेत. खालच्या इयत्तांतील आकडेमोडीसाठीं आपल्या अंधशाळांतून टेलर फ्रेम वापरतात. तिच्या पाटीवर अष्टकोनी भोंकें असतात, व धातूचे लहान खिळे त्यांत आठ दिशांनीं बसवितां येतात. खिळ्याच्या एका टोकाला आडवी कड आणि दुसऱ्या टोकाला दोन टोंकें असल्यामुळें एका भोंकांत सोळा चिन्हें मिळतात. मुलगा एकाखालीं एक आकडे मांडून बेरीज, गुणाकार, भागाकार आपल्या हातानें, आपल्यासारखाच, हातचे धरून करतो. ही फ्रेम स्वस्त आहे, तिला वीज लागत नाहीं, आणि मजलेदार भागाकार मुलाला समजला आहे कीं नाहीं हें ती जितकें दाखविते तितकें कोणतेंहि बोलकें गणकयंत्र दाखवीत नाहीं. गणकयंत्र उत्तर सांगतें, रीत सांगत नाहीं.

मग नव्या यंत्रांचा उपयोग नाहीं काय? आहे, आणि फार मोठा आहे. परंतु तो लोक समजतात तेथें नसून दुसरीकडे आहे.

अंध विद्यार्थी ब्रेलमध्यें कितीहि सुंदर निबंध लिहो, तो त्याच्या शिक्षकाला वाचतां येत नाहीं. आजवर परीक्षेंत यावर उपाय एकच होता, लेखनिक. मुलानें तोंडानें सांगावें व दुसऱ्यानें लिहावें. लेखनिक खालच्या इयत्तेचा, त्याला विषय येत नाहीं. येत असला तर तो आपल्या पदरचें घालील ही धास्ती. शुद्धलेखन लेखनिकाचें, अक्षर लेखनिकाचें, विरामचिन्हें लेखनिकाचीं. गुण मात्र परीक्षार्थ्याचे. ही अडचण लुई ब्रेल यालाहि जाणवली होती. आपल्या लिपींतील पत्र घरच्यांना वाचतां येत नाहीं, म्हणून त्यानें १८३९ सालीं ठिपक्यांनींच साधीं रोमन अक्षरें काढण्याची एक निराळी रीति प्रसिद्ध केली, आणि त्याचा अंध मित्र पिएर फूको यानें त्या रीतीनें लिहिण्याचें यंत्रहि तयार केलें. आपल्याला काय वाचतां येईल एवढ्याचाच विचार त्यानें केला नाहीं. आपण लिहिलेलें दुसऱ्यानें वाचावें, हीहि त्याची तितकीच तळमळ होती.

आज संगणकानें ही तळमळ शमविली आहे. पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी जी आज्ञावली असते तिला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांपैकीं एनव्हीडीए ही आज्ञावली मायकेल करन व जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनीं २००६ सालापासून सिद्ध केली; दोघेहि अंध. ती फुकट मिळते आणि मराठीहि बोलते. तिच्या साहाय्यानें मुलगी कळफलकावर आपला निबंध टंकित करते, प्रत्येक अक्षर ऐकून चूक सुधारते, आणि कागद छापून गुरुजींच्या टेबलावर ठेवते. त्या कागदावरील ऱ्हस्व-दीर्घ तिचें असतें. चुकलेलें असलें तरी तिचेंच असतें, आणि म्हणून लाल शाईनें तें सुधारतां येतें. मला वाटतें, यंत्राची खरी थोरवी तें अंधाला वाचून दाखवितें यापेक्षां त्याला आमच्यासाठीं लिहूं देतें, यांत अधिक आहे. परंतु हें ध्यानांत घ्यावें कीं, असें लिहावयास शब्दाचीं अक्षरें आधीं ठाऊक असावीं लागतात, व तीं बोटांनींच ठाऊक होतात. ब्रेल शिकलेल्या मुलाला संगणक पंख देतो. न शिकलेल्याला तो केवळ एक बोलका सोबती होतो.

ब्रेल आणि यंत्र हीं एकमेकांचीं शत्रु नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे. १९५१ सालीं अमेरिकेंतील पर्किन्स शाळेंत डेव्हिड एब्रहॅम यांनीं बनविलेला ब्रेलर बाजारांत आला. सहा ठिपक्यांच्या सहा कळा, एकदम दाबल्या कीं सबंध अक्षर उमटतें, आणि तें लगेच वाचतांहि येतें. त्यानंतर अशीं यंत्रें निघालीं कीं ज्यांच्या पट्टीवर बारीक टांचण्या वरखालीं होऊन ब्रेल ओळ आपोआप उमटते व पुसते. त्यांत कागद नाहीं, कपाटें भरणारे खंड नाहींत. हीं यंत्रें फार महाग असत. दिल्लीच्या आय. आय. टी. मधून २०१९ सालीं 'डॉटबुक' या नांवाचें असें एक देशी यंत्र पुढें आलें. इतकेंच काय, २०२० पासून अँड्रॉइड मोबाईलच्या टॉकबॅकमध्यें सहा बोटांनीं पडद्यावर ब्रेल टंकित करण्याचीहि सोय आहे. ज्या मोबाईलनें ब्रेलला हद्दपार करावयाचें, त्याच्याच पोटांत ब्रेल जाऊन बसली!

कानांनीं वाचण्याचा अधिकार ज्यांचा खरोखर आहे अशीं मुलें व माणसें अर्थातच आहेत. उतारवयांत दृष्टि गेलेल्या, विशेषतः मधुमेहानें बोटांची संवेदना मंद झालेल्या माणसाला ब्रेलची सक्ति करणें हा निव्वळ हट्ट होय. त्याला बोलकें पुस्तकच द्यावें. दुसरीं मुलें तीं, ज्यांचे डोळे उत्तम, बुद्धि उत्तम, परंतु छापील अक्षरें ज्यांच्या मनांत स्थिर रहात नाहींत. या स्थितीला डिस्लेक्सिया म्हणतात. यांना आपण वर्षानुवर्षें आळशी म्हणत आलों. अशा मुलाला यंत्र मजकूर वाचून दाखवीत असतां वाचला जाणारा शब्द पडद्यावर ठळक होतो, डोळा व कान एकत्र चालतात, आणि इतिहासाचा धडा केवळ वाचनाच्या कष्टापायीं बुडत नाहीं. तिसरीं मुलें मंददृष्टीचीं. यांना जाड रेघांची वही, काळी ठळक लेखणी, भिंग, खिडकीकडे पाठ करून पहिल्या बांकावर जागा, एवढ्यानेंहि पुष्कळ साधतें. आणि डोळा जसजसा थकतो तसतशी ब्रेलचीहि ओळख बरोबरच करून द्यावी. एकाच साधनानें सर्वांना हाकूं गेलें कीं कोणाचें तरी नुकसान ठरलेलेंच.

येथें यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट आठवते. प्रभूला त्याची गरज दिसत नव्हती असें नाहीं. ती तर गर्दींतील प्रत्येकाला दिसत होती. तरीहि कांहीं करण्यापूर्वीं प्रभूनें त्याला जवळ बोलावून त्याची इच्छा विचारली. अंध मुलगा वर्गांत आला म्हणजे आपण त्याच्या पालकांना विचारतों, पूर्वीच्या शाळेला विचारतों, कधीं डॉक्टरांनाहि विचारतों. त्याला स्वतःला विचारण्याचें मात्र बहुधा राहून जातें. तुला कोणत्या साधनानें वाचावयाचें आहे, गणिताला कोणतें हवें, निबंधाला कोणतें, हें त्याला विचारावें व दर वर्षीं पुन्हां विचारावें, कारण त्याचें उत्तर बदलतें.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यानें ठराविक प्रमाणांत दिव्यांगता असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. म्हणजे अशीं मुलें आपल्यासारख्या साध्या शाळांतून येणार, व आलींच पाहिजेत. पुस्तकांचा प्रश्नहि पूर्वीइतका बिकट नाहीं. छापील पुस्तकाचें ब्रेल किंवा बोलकें रूप करण्यास ग्रंथस्वामित्वाचा कायदा आड येत असे. २०१२ सालच्या दुरुस्तीनें ती आडकाठी आपल्या देशांत दूर झाली. २०१३ सालीं मोरोक्कोंतील मराकेश येथें याच विषयावर राष्ट्राराष्ट्रांत करार झाला, आणि तो मान्य करणारा जगांतील पहिला देश, २०१४ सालीं, आपला भारत होता. तरी पाठ्यपुस्तक ब्रेलमध्यें उतरविण्यास वेळ लागतो. यास्तव पुढील वर्षीं अंध विद्यार्थी येणार असें कळतांच पुस्तकांची मागणी उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वींच करावी. जूनमध्यें पत्र पाठविलें, तर पुस्तक दिवाळीनंतर येतें आणि तोंवर मुलगा केवळ ऐकत बसतो.

फळ्यापाशीं उभें राहून 'हें येथून उचललें आणि तेथें नेलें' असें म्हणण्याची आम्हां गणितशिक्षकांना खोड आहे. अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीनें या वाक्यांत कांहींच नाहीं. जें लिहावयाचें तें लिहितां लिहितां मोठ्यानें बोलावें. यानें मागच्या बांकावरील डोळस मुलांचेंहि भलेंच होतें. पाटीवर ब्रेल लिहितांना टोचणीचा टकटक आवाज होतो, त्याला वर्गानें हंसूं नये व शिक्षकानें त्यावरून दटावूं नये. परीक्षेंत दर तासामागें किमान वीस मिनिटें अधिक द्यावींत, अशा केंद्र सरकारच्या सूचना २०१८ सालीं निघाल्या. ही मेहेरबानी नव्हे. संगणकावर स्वतः लिहून, ऐकून, तपासून पाहण्यास तेवढा वेळ लागतोच. आणि शिक्षकांपैकीं निदान एकानें तरी ब्रेल शिकावी. डोळ्यांनीं ती वाचावयास शिकणें हें सुट्टींतील पंधरवड्याचें काम आहे. बोटांनीं शिकणें मात्र वर्षांचें, आणि तें आपण मुलांवर सोपवितों.

विद्यार्थ्यांनीं काय करावें असें मला वर्गांत विचारतात. आपलें नांव ब्रेलमध्यें लिहून पहावें. पोस्टकार्डाइतक्या जाड कागदावर उलट बाजूनें बोथट सुईनें ठिपके टोचावेत, कागद उलटून डोळे मिटावेत, आणि बोट डावीकडून उजवीकडे, न दाबतां, हलकेंच फिरवावें. प्रथम सर्व ठिपके एकच वाटतील. तीनचार दिवसांनीं आपल्या नांवांतील पहिलें अक्षर ओळखूं येऊं लागेल. आणखी एक गोष्ट घरच्यांना सांगावी. टेबलावर ठेवण्याच्या जुन्या दिनदर्शिका वर्ष संपलें म्हणजे रद्दींत जातात. त्यांचा कागद जाड व गुळगुळीत असल्यामुळें ठिपका त्यावर चांगला धरतो, आणि कित्येक अंधशाळांतून मुलें त्यावर ब्रेलचा सराव करतात. जानेवारींत अशा दिनदर्शिका शाळेच्या कचेरींत आणून द्याव्यात. तारा काढून व पानें सुटीं करून आणिल्या तर अधिक बरें.